सॉसच्या बाटलीचा फ्रॉक

वुल्कारा
४ मे १९६८

प्रिय युना,

ईस्टरचं तुझं पत्र मिळालं, क्विन्सचा मुरंबाही मिळाला. बरणी शाबूत होती, पण झाकण मला पक्कडीने उघडावं लागलं. एव्हिस असती तर तुम्हा बहिणींच्या पद्धतीने चमच्याचा दांडा लावून एका झटक्यात उघडलं असतं. आठ महिने झाले तिला जाऊन, आणि घरातल्या सगळ्या झाकणांनी माझ्याविरुद्ध एकी केली आहे.

पाऊस नाही. कीथ कोरड्यातच पेरतोय आणि मॉरीन त्याला रोज 'मी सांगितलं होतं' म्हणतेय. सुनेचं माझ्याकडेही लक्ष आहे. एव्हिसचं कपाट रिकामं करून चर्चच्या जुन्या कपड्यांच्या विक्रीला द्यावं म्हणून दर रविवारी एक रिकामं खोकं आणून ठेवते. सध्या चार झाली आहेत. मी त्यात बटाटे भरतो.

एक विचारायचं होतं. इथल्या एका ओळखीच्या माणसाला बाहुलीचे कपडे शिवायचे आहेत, जुन्या कपड्यांतून. मुंढा जुन्या पेनीएवढा आणि बाही त्यात काही केल्या जात नाही. तू चाळीस वर्षं होबार्टच्या दुकानात लोकांचे कपडे सैल आणि घट्ट करून दिलेस, म्हणून तुला विचारतो. कपडे ग्लॅडिससाठी आहेत. रॉझलिनची ती केस गेलेली बाहुली, तुला आठवत असेल. नात माझी सतरा ऑगस्टला आठ वर्षांची होते आहे.

फोनच करणार होतो. पण आमच्या एक्सचेंजवर मिसेस नॉस्के बसतात, आणि फोन जोडून दिल्यावर कान काढून घ्यायची त्यांना सवय नाही.

निळ्या फ्रॉकचं विचारलं होतंस. बघतो.

तुझा,
विल्फ


होबार्ट
११ मे

विल्फ,

ओळखीचं माणूस म्हणे! अरे, वुल्काऱ्यात बाहुलीचे कपडे शिवणारा पुरुष निघाला तर त्याला तुमच्या हॉटेलात बिअर मिळणार नाही, हे मला इथे बसून कळतं. सरळ बाई म्हण ना. कोण आहे? मी सांगू? फोनवाल्या नॉस्केबाई. नवरा जाऊन सहा वर्षं झाली त्यांना. आधी नातीला बाहुलीचा फ्रॉक, मग आजोबांना सूप, मग 'विल्फ, तुमची कॉलर उसवली आहे, द्या इकडे.' असली शिलाई मी चाळीस वर्षं पाहिली आहे. कुठेतरी पाणी मुरतंय आणि ते मला बास सामुद्रधुनीच्या अलीकडून दिसतंय.

माझी काही हरकत नाही. एव्हिसने मला शेवटच्या आजारात सांगितलं होतं, 'ह्याला कोणी सांभाळणारी मिळाली तर तू तोंड वाकडं करू नकोस.' मी करणार नाही. पण त्या बाईंना इतकं सांग की बाही मुंढ्यात 'घालायची' नसते. कुशी उघड्या असतानाच कापड सपाट पसरून बाही जोडायची, आणि मग मनगटापासून काखेत वळून थेट कमरेपर्यंत एका दमात टीप मारायची. हे ज्या बाईला ठाऊक नाही ती शिवणकामाच्या जोरावर नवरा पटकवायला निघाली आहे, याचं मला नवल वाटतं.

आणि निळ्या फ्रॉकचं 'बघतो' काय? लग्नानंतर गाडीत बसताना घालायला मी तो एव्हिसला शिवून दिला. नेव्ही ब्लू क्रेप, पांढरी कॉलर. दुकानात मालकाला न कळता सहा आठवडे जेवणाच्या सुट्टीत शिवला. माझ्या हातचा पहिला पुरा कपडा. मला तिचं दुसरं काहीही नको, विल्फ, घड्याळ नको, चांदीचे चमचे नकोत. तो फ्रॉक पाठव. त्या बाईंची कात्री त्याच्याजवळ पोचायच्या आत पाठव.

युना


वुल्कारा
२० मे

प्रिय युना,

नॉस्केबाईंना यातलं काही सांगू नकोस. त्यांना सूप येत नाही.

आता खरं सांगतो. तो माणूस मी आहे.

हसून झालं असेल तर पुढे वाच. एव्हिसला पुरून आलो त्या दुपारी हॉलमध्ये चहा होता. तू तेव्हा स्वयंपाकघरात कपबशा विसळत होतीस. दर वाढदिवसाला एव्हिस स्वतःचा एखादा जुना कपडा कापून ग्लॅडिसला नवा जोड करायची, हे तुला माहीत आहे. रॉझलिन माझ्या गुडघ्याशी येऊन म्हणाली, 'आता ग्लॅडिसला कपडे कोण करणार?' सगळ्या हॉलने माझ्याकडे पाहिलं. पाद्रीसुद्धा सँडविच तोंडाशी धरून थांबले. आणि मी म्हणालो, 'आजीने करून ठेवलेत की. कपाटात आहेत. वाढदिवसाला मिळतील.'

तोंडातून गेलं ते गेलं. पोरगी तीन दिवस रडत होती ती तिथल्या तिथे थांबली आणि दोन सँडविचेस खाल्ली. त्यानंतर तिने मला एकदाही विचारलेलं नाही, पण अख्ख्या शाळेला सांगून झालं आहे. आजीने आपल्यासाठी काहीतरी मागे ठेवलंय, एवढ्यावर ती चालली आहे, युना. आणि कपाटात काहीही नाही. सगळीकडे शोधलं. शेवटचे चार महिने तिला सुईसुद्धा धरवत नव्हती, तू पाहिलंस.

म्हणून शिवतोय. तसा मी शिवण्यात अगदीच अडाणी नाही. सुगीत दिवसाला पाऊणशे गव्हाची पोती दाभणाने शिवायचो, सायलोची मोठी कोठारं आली तोवर. माझं पोतं जहाजात चढून लंडनला जायचं आणि दाणा सांडायचा नाही. तेव्हा हात आहे, फक्त माप लहान झालंय.

ग्लॅडिस रॉझलिनच्या बगलेतून सुटत नाही, त्यामुळे मापाची पंचाईत होती. गेल्या रविवारी जेवताना तिला सॉसच्या बाटलीशेजारी उभी करून पाहिलं. घेर सारखाच! रॉझलिनने विचारलं, 'आजोबा, काय करताय?' म्हटलं, 'दोघींची ओळख करून देतोय.' तेव्हापासून बाटली शेडमध्ये आहे आणि मी मटणाची पाई कोरडीच खातो.

निळा फ्रॉक कपाटातच आहे, काळजी नसावी.

विल्फ


होबार्ट
२८ मे

विल्फ,

हसून झालं नव्हतं. खालच्या मजल्यावरची मिसेस ट्रेगर वर येऊन विचारून गेली की मला काही झालंय का.

मग तिसऱ्यांदा वाचलं आणि हसू गेलं. हे काय करून ठेवलंस रे? तू त्या पोरीला खोटं सांगितलंस, आणि तीही अशी तशी पोरगी नाही, एव्हिसने हाताखाली घेतलेली आहे. ती कपडा आधी उलटा करून आतली शिवण पाहते. मी पाहिलंय, माझ्या कोटाचं अस्तर उलटून तिने मला 'बरं आहे' असं प्रमाणपत्र दिलं होतं. आमच्या आईने आम्हा दोघींना हेच शिकवलं. आतून मान वर करता आली नाही तर बाहेरून मिरवू नका म्हणायची, आणि टीप वाकडी गेली तर उसवायला लावायची. एव्हिसची आणि माझी शिवण शेजारी ठेवली तर आईलाच ओळखू यायची. तुझी ओळखायला काय वेळ लागणार?

माझं ऐकशील तर आत्ताच सांगून टाक. मे महिन्यात सांगितलेलं ऑगस्टपर्यंत जुनं होतं. पण तू ऐकणार नाहीस. तेव्हा निदान हे ऐक:

तयार कडा वाया घालवू नकोस. ब्लाउजच्या बाहीचं मनगट कापलंस की बाहुलीचा घेर आयता मिळतो, खालची दुमड आधीच घातलेली. मोज्याचा वरचा भाग म्हणजे तयार स्वेटर. हातमोज्याचं एक बोट म्हणजे एक बाही. जुन्या कपड्यात निम्मं काम कोणीतरी आधीच करून ठेवलेलं असतं, ते शोधायचं आणि त्याच्या कडेने कापायचं. दाभण शेडमध्येच राहू दे.

काय होईल ते नमुना म्हणून मला पाठव. रॉझलिनच्या आधी मी उलटून पाहते.

आणि फ्रॉक?

युना


वुल्कारा
१६ जून

प्रिय युना,

सोबत नमुना. बाही तू सांगितलीस तशीच बसली, एका दमात. मला वाटतं बरा झालाय. नीट गुंडाळलाय, पण उघडताना जपून.

विल्फ


होबार्ट
२४ जून

विल्फ पास्को,

पोस्टमनने पार्सल वर आणून दिलं आणि म्हणाला, 'बाई, ह्यात काहीतरी डुचमळतंय.'

मी फ्रॉकची वाट पाहत होते. तू मला फ्रॉक घातलेली सॉसची बाटली पाठवलीस. आणि फ्रॉक निघेना! वरून ओढला, खालून ओढला, मिसेस ट्रेगरला बाटली धरायला लावून दोघींनी ओढला. तू तो बाटलीच्या अंगावरच शिवलास. गळा बुचाखाली आवळून, पाठ मानेपासून खालपर्यंत बंद करून, टाक्यावर उलटा टाका घेऊन. आणि दोन्ही खांद्यांवर हे काय आहे? कान! गव्हाच्या पोत्याला धरायला ठेवतात तसले दोन कान! ग्लॅडिसला कोण पाठीवर घेऊन जहाजात चढवणार आहे?

माझंच चुकलं म्हणा. शिवण उलट्या बाजूने घालून कपडा मग सुलटा करायचा असतो, आणि फ्रॉक अंगातून निघालाही पाहिजे, हे सांगायचं राहून गेलं. आजवर ज्यांना शिकवलं त्यांतल्या कोणालाही हे सांगावं लागलं नव्हतं. आणि बाटली भरलेली का, एवढं तरी कळव. हात दाखवून अवलक्षण ते हे.

रात्रीच्या जेवणाला ती टेबलावर ठेवली आणि सॉस घेतला. बाईमाणसाच्या डोक्यावरून सॉस ओतायला बरं वाटत नाही, पण घेतला.

मग चष्मा पुसून कापड पाहिलं.

नेव्ही ब्लू क्रेप. आतून बारीक पांढरी रेघ. त्या रेघेसाठी मी तीन दुकानं फिरले होते, १९३१ साली, पावसात. 'कपाटातच आहे, काळजी नसावी' असं तू लिहिलंस तेव्हा त्याचे तुकडे झालेले होते. ह्या एका गोष्टीसाठी मी तुझ्यापुढे तीनदा हात पसरला होता, विल्फ.

मला सध्या पत्र लिहू नकोस.

युना हॅलम


वुल्कारा
८ जुलै

प्रिय युना,

नको म्हणालीस तरी लिहितोय. फाडून टाकलंस तरी चालेल, पण पार्सल टाकू नकोस.

मेच्या पहिल्या आठवड्यातलं सांगतो. मी सायलोवर गेलो होतो. घरी आलो तर मॉरीन बेडरूममध्ये, खोक्यातले बटाटे जमिनीवर आणि खोक्यात एव्हिसचे कपडे. सगळ्यात वर निळा फ्रॉक, घडी घालून. मॉरीन वाईट नाही, तिला वाटतं माझ्या भल्यासाठी करतेय. मी फ्रॉक उचलला. ती म्हणाली, 'बाबा, तो ठेवून तुम्ही काय करणार?' फार गोड आवाजात विचारलं. खरंच काय करणार होतो? म्हणून मी म्हणालो, 'हा कापायचाय मला.' आणि शिवणाच्या टोपलीतली कात्री घेऊन तिच्यासमोर कापला. कमरेतून आडवा. कापलेलं विक्रीला देता येत नाही, एवढंच डोक्यात होतं. ती खोकं तिथेच टाकून निघून गेली, आणि मी गादीवर दोन तुकडे घेऊन बसलो. तेव्हा कळलं की तो तुझा होता.

आधी लिहायला हवं होतं. भीती वाटली. एव्हिस गेल्यावर तिच्याबद्दल बोलायला तूच एक उरली आहेस आणि तूही पत्र बंद करशील असं वाटलं. म्हणून खोटं लिहिलं, आणि आता खोटंही झालं आणि पत्रही बंद झालं.

उरलेलं सगळं पाठवतोय. कॉलर अखंड आहे, बाह्या अखंड आहेत, मागचा घेरही जवळजवळ पुरता आहे. तुझं तुला.

बाटली भरलेली अशासाठी की पोतं भरलेलं असल्याशिवाय टाका नीट बसत नाही. पन्नास वर्षांत मी रिकामं पोतं कधी शिवलं नाही.

विल्फ


होबार्ट
५ ऑगस्ट

विल्फ,

पार्सलात काय आहे ते सांगते. फ्रॉक एक, निळा. कॉलर पांढरी, जुन्या कॉलरच्या टोकातूनच काढली आहे. पाठ उघडी, चार टिचबटणं. पेटीकोट एक, अस्तराचा. टोपी एक. कोट करायला कापड पुरलं नाही, कारण कोणीतरी त्यातून सॉसच्या बाटलीला सजवलं.

दोन आठवडे तुकडे टेबलावर पडून होते. त्यांच्याकडे पाठ करून जेवत होते. मग एका रविवारी बाहीचं मनगट हातात घेतलं, तुला लिहिलं होतं तसं, आणि कडेने कापलं. एवढंच वाईट होतं, कापणं. पुढे हात आपोआप चालला. आईने शिकवलेली अरुंद दुहेरी टीप घातली, सुलटं केलं, पाहिलं, आणि मला मशीनवरून उठावं लागलं. एव्हिसचंच होतं, विल्फ. मी शिवलेलं एव्हिसचंच होतं. बऱ्याच वेळाने परत बसले.

तेव्हा रॉझलिनने खुशाल उलटून पाहावं. नाव एव्हिसचं सांग. माझं सांगायचं नाही. चाळीस वर्षं शिवलं त्यातल्या एकाही कपड्यावर माझं नाव नव्हतं, आणखी एकाने काही बिघडत नाही.

तुझा खोटेपणा मी सोन्याहून पिवळा करून दिला आहे. आता चेहरा सांभाळ. तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं, एव्हिस नेहमी सांगायची.

बाटली परत मागू नकोस. तिची मला सवय झाली आहे.

युना


वुल्कारा
१९ ऑगस्ट

प्रिय युना,

आगीतून फुफाट्यात.

परवा केक कापून झाल्यावर कपाटातून काढल्यासारखं करून खोकं दिलं. चेहरा सांभाळला, चहाच्या किटलीकडे पाहत राहिलो. रॉझलिनने हात धुतले, पुसले, फ्रॉक उचलला आणि उलटा केला. खिडकीशी नेला. टीप नखाने तपासली, एव्हिस तपासायची अगदी तशी. मी श्वास धरून उभा. मॉरीननेही धरला होता, तिला सगळं ठाऊक आहे.

'आजीचाच आहे,' रॉझलिन म्हणाली.

मला वाटलं, सुटलो! पण तिने फ्रॉकची घडी घातली. पेटीकोटची घातली. टोपीत कागद भरला. बिस्किटांचा मोठा डबा मागून घेतला, त्यात सगळं ठेवलं आणि झाकण लावलं. मी म्हटलं, 'अगं, ग्लॅडिसला घाल ना.' तर म्हणते, 'नाही. हा शेवटचा आहे. घातला तर मळेल, मग धुवावा लागेल, मग फाटेल. मग आजीचं काहीच राहणार नाही.'

आधीचा जोड झिजून गेलाय, त्यामुळे ग्लॅडिस उघडी आहे. हिवाळा सरला नाही, सकाळी गवतावर हिव पडतंय आणि ती टक्कल घेऊन चहाच्या फडक्यात गुंडाळून बसलेली असते. रॉझलिन खेळत नाही. दिवसातून दोनदा डबा उघडते, पाहते आणि बंद करते. आठ वर्षांची पोर बँकेच्या पहारेकऱ्यासारखी डब्याशेजारी बसते, हे बघवत नाही.

तू फार चांगलं शिवलंस. हा तुझाच दोष.

काय करू?

विल्फ


होबार्ट
२६ ऑगस्ट

विल्फ,

'मी सांगितलं होतं' असं मॉरीनसारखं म्हणायचा मोह आवरते आहे. नाही, आवरत नाही. मी मे महिन्यात सांगितलं होतं.

सांगून टाक तिला. सगळं. तो फ्रॉक मी शिवला, तुकडे आजीचे होते, आजोबांनी थाप मारली. राग आला तर माझ्यावर ढकल, मी साडेसातशे मैलांवर आहे, मला काय होतंय.

तू विचारशील की मग ती म्हणेल 'म्हणजे आजीने काही ठेवलंच नाही', त्याला काय सांगायचं. मला माहीत नाही. चार दिवस विचार केला आणि खरंच माहीत नाही. आईच्या वेळी मलाही कोणी सांगितलं नव्हतं. पण पोरीला डब्याच्या पहाऱ्यावर बसवून आपण दोघं गप्प राहिलो तर एव्हिस आपल्याला माफ करणार नाही, एवढं कळतं.

समोर बसून सांग. फोनवर नको, नॉस्केबाई रडतील.

युना


वुल्कारा
८ सप्टेंबर

प्रिय युना,

सांगितलं. गेल्या रविवारी, चर्चहून आल्यावर, स्वयंपाकघरात.

तिने सगळं ऐकून घेतलं. मधे फक्त एक प्रश्न विचारला: 'सॉसची बाटली युना आंटीकडे आहे?' मी हो म्हटलं. मग तिने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. आणि मग तू लिहिलं होतंस तेच, अक्षरन् अक्षर. 'म्हणजे आजीने माझ्यासाठी काहीच ठेवलं नाही?'

मी तिचा हात धरून बेडरूममध्ये नेलं आणि कपाट उघडलं. एव्हिस गेल्यापासून ते मी एकट्यानेच उघडत होतो. म्हटलं, 'हे आहे. एवढंच आहे.'

युना, तिने काय करावं? एकेक फ्रॉक हँगरवरून काढून उलटा करायला लागली. 'हा आजीने शिवलेला. हा विकतचा. हा आजीचा. हा विकतचा, पण हेम आजीची.' तासभर! गादीवर दोन ढीग झाले. विकतच्याही ढिगात तिला कुठे ना कुठे एव्हिसचा टाका सापडत होता, एक गुंडी, एक दुमड, काहीतरी. शेवटी एकच ढीग केला. मग त्यातून मोहरीच्या रंगाचा लोकरी स्कर्ट ओढून काढला. एव्हिस हिरवळीवर बोल्सचे चेंडू खेळायला जाताना घालायची तो. 'ह्याचा ग्लॅडिसला कोट करू या,' म्हणाली.

मी म्हटलं, 'तो राहू दे. आजीचा फार आवडता होता.'

'मग ग्लॅडिसलाही आवडेल.'

तिने कात्री आणून माझ्या हातात दिली. स्कर्ट गादीवर पसरला, कडा हाताने सारखी केली, आणि माझा हात चालेना. निळा कापला तेव्हा रागात कापला होता. ह्या वेळी राग नव्हता. आतून ती अजून त्यात उभी आहे असंच वाटत होतं. मी रडलो, युना, नातीसमोर, उघड. ती थांबली माझ्यासाठी. रुमाल दिला. आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाली, 'आजोबा, पण कापल्याशिवाय तिच्या अंगात बसणार कसा?'

कापला.

कोट झालाय. शिवण उलटी घातली, सुलटा केला, पुढून उघडा ठेवला. घालता येतो आणि काढताही येतो. एक बाही लांब आहे. रॉझलिनने आतून पाहिला आणि म्हणाली, 'आजीचा नाही हे लगेच कळतं.' पण ग्लॅडिसला घातला. आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर डबा उघडून तुझा निळा फ्रॉक काढला, तोही घातला, कोटाच्या आत. मी विचारलं, 'आता मळणार नाही का?' तर म्हणाली, 'मळू दे, हा काही शेवटचा नाही.' तुला सांगायला सांगितलंय की तुझी टीप आजीसारखीच आहे, आणि तू आलीस की तिला ती शिकायची आहे. मॉरीन तिची चार खोकी परत घेऊन गेली.

परवा रॉझलिनने कपाटात बसून मोजणी केली. स्कर्ट धरून अठ्ठावीस कपडे होते, सत्तावीस उरले. दर वाढदिवसाला एक. बोटं मोजून झाल्यावर कपाटातूनच ओरडली, 'आजोबा, आजीने मी पस्तीस वर्षांची होईपर्यंतचं ठेवलंय!'

मी आज सहासष्टचा आहे. हिशेब केला, शेवटचा जोड शिवीन तेव्हा त्र्याण्णवचा असेन. तेव्हा चष्मा बदलायला येत्या मंगळवारी गावात जातोय. तू बारीक सुया पाठव. एक पाकीट पुरणार नाही.

तुझा,
विल्फ